सृष्टिदर्शन : ताकाहे आणि तिची गेलेली बहीण

घरांतील गेलेल्या वडील माणसाचें नांव नव्या बालकास ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आजोबांचें नांव नातवास लागतें, आजीचें नातीस लागतें, आणि तें नांव पुन्हा एकदां हांकेंत येऊं लागलें म्हणजे घरांतील वृद्ध मंडळींस बरें वाटतें. यांत कोणाची फसगत होत नाहीं. नातू तो नातू आणि आजोबा ते आजोबा, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु एखाद्या मुलीस तिनें कधीं न पाहिलेल्या बहिणीच्या नांवानें सारे हांक मारीत आहेत, ती बहीण केव्हांच निवर्तली आहे, आणि आपल्या घरांत मुली दोन होत्या याचा पत्ताच कोणास नाहीं, अशी कल्पना करून पाहावी. मनुष्याच्या घरीं असें घडणें कठीण. पक्ष्यांच्या एका कुळांत मात्र तें घडलें, आणि जवळजवळ दीडशें वर्षें तसेंच चालत राहिलें. त्या दोन बहिणींची हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ही हकीकत न्यूझीलंडमधील आहे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयीस असलेल्या या देशाचीं मुख्य बेटें दोन, एक उत्तरेचें व एक दक्षिणेचें. मध्यें कुकची सामुद्रधुनी. मनुष्याचें पाऊल येथें फार उशिरा पडलें. आजच्या माओरी लोकांचे पूर्वज आपल्या होड्यांतून इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या सुमारास येथें पोंचले. तोंपर्यंत किनाऱ्यावरचे सील व रानांतलीं वटवाघळें सोडल्यास या भूमीवर सस्तन प्राणीच नव्हता. कोल्हा नाहीं, मुंगूस नाहीं, मांजर नाहीं, फार काय, उंदीरसुद्धां नाहीं. जें काय भय होतें तें आकाशांतून झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांचें.

अशा निर्धास्त भूमीवर पाणकोंबडीच्या कुळांतील पक्षी येऊन राहिले. हें कूळ आपल्या परिचयाचें आहे. तळ्याच्या पाण्यावर काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा वारकरी आपण पाहतों. भिगवणजवळ उजनीच्या पाणथळींत पाणकणसांच्या बेटांतून लांब तांबड्या पायांनीं डौलानें चालणारी जांभळी पाणकोंबडीही पुष्कळांनीं पाहिली असेल. निळ्या-जांभळ्या अंगाची, लाल चोंचीची, कपाळावर लाल ढाल असलेली ही पाणकोंबडी नीट डोळ्यांपुढें आणावी. न्यूझीलंडच्या ज्या दोन बहिणींविषयीं आम्ही लिहीत आहों, त्या हिच्याच गोतांतल्या. शास्त्रज्ञ या सर्वांस 'पॉर्फिरिओ' या एकाच प्रजातींत घालतात.

पाणकोंबड्यांच्या कुळाची एक खोड आहे. सहसा त्या उडण्याचा कंटाळा करितात. पण वाऱ्यानें वाहून नेल्या म्हणजे शेंकडों मैल समुद्र ओलांडून भलत्याच बेटावर जाऊन उतरतात, आणि तेथें शत्रु नसला तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओघांत उडणें अजिबात विसरतात. यांत आळस आहे असें नव्हे. उडण्याचे स्नायु पोसणें हें मोठें खर्चाचें काम आहे. ज्या गांवाला चोराचें भय नाहीं, त्या गांवांत दाराला रोज अडसर कोण लावील? तो अडसर पुढें कोपऱ्यांत पडून कुजतो, आणि एके रात्रीं चोर आला म्हणजे लावावयास अडसर उरलेला नसतो. प्रशांत महासागरांतील बेटांवर मनुष्य पोंचल्यावर या कुळांतल्या शेंकडों जाती नष्ट झाल्या, त्या अशाच. मनुष्याबरोबर कुत्रा आला, उंदीर आला, पुढें मांजर व डुक्कर आलें. आणि त्या पक्ष्यांना पळावयास पंख नव्हते.

न्यूझीलंडच्या दोन मोठ्या बेटांवर या गोतांतल्या दोन थोर पाणकोंबड्या नांदत होत्या. दक्षिण बेटावरची ती ताकाहे, आणि उत्तर बेटावरची ती मोहो. नांवें माओरी लोकांचीं आहेत. ताकाहे आजही जिवंत आहे. अडीच-तीन किलो वजनाची, म्हणजे आपल्या जांभळ्या पाणकोंबडीच्या सुमारें तिप्पट, आणि सुमारें ५० सेंटिमीटर उंचीची. मान व पोट गर्द निळें, पाठीवर शेवाळी हिरवट झांक, पाय जाड व तांबडे, आणि चोंच एवढी भक्कम कीं जणूं अडकित्ताच. पंख आहेत; पण ते उडण्यास नव्हे, रागाच्या किंवा प्रेमाच्या वेळीं पसरून दाखविण्यास तेवढे उपयोगी. मोहो आज कोठेंही नाहीं.

आतां नांवाचा घोटाळा कसा झाला तें पाहूं. इ. स. १८४७ मध्यें वॉल्टर मँटेल नांवाच्या गृहस्थास उत्तर बेटावरील वाइंगोंगोरो या ठिकाणीं पुष्कळशीं जुनीं हाडें सांपडलीं. तीं त्यांनीं इंग्लंडांत आपले वडील गिडिअन मँटेल यांजकडे पाठविलीं. हे वडील प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांचे नामांकित संशोधक होते. त्या हाडांत एका मोठ्या, उडतां न येणाऱ्या पाणकोंबडीचीं हाडें निघालीं. रिचर्ड ओवेन या प्रख्यात शास्त्रज्ञानें १८४८ सालीं तिचें वर्णन करून मँटेल यांच्या सन्मानार्थ तिला 'नोटोर्निस मँटेली' असें नांव दिलें. नोटोर्निस म्हणजे दक्षिणेचा पक्षी. हें बारसें झालें तें मोहोच्या हाडांचें, आणि पक्षी नष्ट झालेला आहे अशीच तेव्हां सर्वांची समजूत होती.

पुढच्याच वर्षीं, १८४९ मध्यें, दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य टोंकाशीं डस्की साउंड नांवाच्या खाडींत सीलची शिकार करणारे कांहीं खलाशी उतरले होते. बर्फांत त्यांना एका मोठ्या पक्ष्याचीं पावलें दिसलीं. त्यांनीं कुत्रे सोडले, आणि कुत्र्यांनीं तो पक्षी जिवंत धरला. खलाशांनीं त्याला तीन-चार दिवस जहाजावर ठेविलें, मग मारिलें, भाजिलें, आणि सर्वांनीं मिळून खाल्लें. सुदैवानें कातडें फेंकून दिलें नव्हतें. तें वॉल्टर मँटेल यांच्या हातीं आलें व लंडनला गेलें. ज्याचीं नुसतीं हाडें पाहिलीं तो पक्षी अद्याप जिवंत आहे, असा मोठाच आनंद शास्त्रज्ञांना झाला, आणि मँटेली हें नांव त्यांनीं त्या कातड्यासही लाविलें. पण तें कातडें होतें ताकाहेचें. उत्तरेच्या बहिणीचें नांव दक्षिणेच्या बहिणीस चिकटलें तें येथें.

यापुढील पन्नास वर्षांत ताकाहे आणखी तीनच वेळां हातीं लागली : १८५१, १८७९ आणि १८९८ या सालीं. १८७९ सालचा पक्षी जर्मनींतील ड्रेस्डेनच्या संग्रहालयाकडे गेला. तेथील मायर नांवाच्या विद्वानानें त्याची ओवेनच्या वर्णनाशीं तुलना केली आणि १८८३ मध्यें सांगितलें कीं, हा पक्षी निराळा आहे. याला 'होखस्टेटरी' म्हणावें. होखस्टेटर हे न्यूझीलंडच्या भूस्तरांचा अभ्यास केलेले एक भूगर्भशास्त्रज्ञ. मायरचें म्हणणें बरोबर होतें, पण पुढें बहुतेकांनीं या दोघींस एकाच जातीचे दोन प्रकार मानलें, आणि जातीचें नांव मँटेली हेंच चालू राहिलें. १८९८ सालीं ते आनाउ सरोवराच्या कांठीं रॉस नांवाच्या बंधूंच्या कुत्र्यानें चौथा पक्षी धरिला. सरकारनें तो २५० पौंडांस विकत घेऊन डनीडनच्या ओटॅगो संग्रहालयांत ठेविला. त्यानंतर ताकाहे कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं. वर्षें लोटलीं, आणि पुस्तकांतून ती नष्ट झालेल्या पक्ष्यांच्या यादींत जाऊन बसली.

पण एका मनुष्यास तें पटलें नव्हतें. दक्षिण बेटावरील इन्व्हरकार्गिल या शहरांत जेफ्री ऑरबेल नांवाचे डॉक्टर होते. डोंगरांत भटकण्याचा त्यांना नाद. १९४८ च्या एप्रिलमध्यें मर्चिसन पर्वतांत, ते आनाउ सरोवराच्या वर, एका अनोळखी तळ्याच्या कांठीं त्यांना मोठ्या पक्ष्याचीं पावलें दिसलीं. थंडी सरेपर्यंत ते थांबले, आणि २० नोव्हेंबर १९४८ रोजीं तीन सोबत्यांसह पुन्हा तेथें गेले. त्या दिवशीं गवताळ माळावर जिवंत ताकाहे त्यांच्या समोर उभी राहिली. त्यांनीं दोन पक्षी जाळ्यांत धरले, त्यांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि दोन्ही पक्षी सोडून दिले. १८४९ च्या खलाशांनीं काय केलें आणि १९४८ च्या या चौघांनीं काय केलें, या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. मध्यंतरींच्या शंभर वर्षांत मनुष्य थोडेंफार शिकला, याचा हा एक पुरावा समजावा. सरकारनेंही विलंब न लावतां सुमारें ५०० चौरस किलोमीटरचा तो डोंगरी मुलूख इतरांच्या वर्दळीस बंद केला.

ताकाहे मिळाली, आणि सर्व जगांत आनंद झाला. पण त्या आनंदांत एक गोष्ट झांकून गेली. मर्चिसन पर्वतांत सांपडलेला पक्षी मँटेली या नांवाचा समजला जात होता. तेव्हां मँटेली सांपडली असें जाहीर झालें, आणि खरी मँटेली, म्हणजे उत्तरेची मोहो, जिवंत आहे कीं मेली हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाहीं. जिचें नांव घेऊन 'आली, आली' म्हणून घरभर ओरडा झाला, तिच्यासाठीं रडावयाचें कोणीं? मोहोच्या मृत्यूचा शोक झाला नाहीं याचें कारण लोक निष्ठुर होते हें नव्हे. तिची बहीण तिच्या नांवानें नांदत होती, एवढेंच कारण. १८९४ च्या सुमारास उत्तर बेटावरील तारारुआ डोंगरांत असा एक पक्षी धरल्याची हकीकत सांगतात, पण त्याचें कातडें किंवा हाड आज कोणत्याही संग्रहालयांत दाखवितां येत नाहीं.

पुढें हाडांचा बारकाईनें अभ्यास झाला, आणि जुन्या हाडांतून आनुवंशिक द्रव्य काढून तें तपासण्याची विद्याही आली. १९९६ सालीं या दोघी दोन स्वतंत्र जाती आहेत हें मांडण्यांत आलें, आणि तें सर्वमान्य झालें. नांवांच्या शास्त्राचा एक कडक नियम आहे : जें नांव प्रथम ज्या नमुन्यास दिलें, तें त्याच्याकडेच राहतें. तेव्हां मँटेली हें नांव मोहोकडे परत गेलें, आणि जिवंत ताकाहेस होखस्टेटरी हें मायरनें दिलेलें नांव मिळालें. एखाद्यास वाटेल, हा केवळ पंडितांचा शब्दच्छल झाला. पण ज्या दिवशीं नांव परत गेलें, त्याच दिवशीं मोहो स्वतंत्रपणें नष्ट झालेली जात म्हणून नोंदली गेली. आपण एक पक्षी गमावला होता हें त्या दिवशीं समजलें.

दोघींची तुलना करावयाची तर ती विषम आहे. एकीचा नांदता संसार आणि दुसरीचीं हाडें. तथापि हाडें पुष्कळ बोलतात. मोहोच्या पायांचीं हाडें अधिक लांब व सडपातळ आहेत, म्हणजे ती ताकाहेपेक्षां उंच व किडकिडीत असली पाहिजे. ताकाहे बुटकी, जाड पायांची, थंडी सोसणारी. दोघींच्याही छातीच्या हाडावरील उडणाऱ्या पक्ष्यांचा उंच कणा खुजा झालेला आहे. दोघी एकाच मूळ वंशांतून पुढें वेगळ्या झाल्या, कीं निरनिराळ्या काळीं समुद्र ओलांडून आलेल्या निरनिराळ्या पाहुण्यांपासून उत्पन्न होऊन एकसारख्या दिसूं लागल्या, याविषयीं विद्वानांत वाद झालेला आहे. परंतु मोहोची हांक कशी होती, ती पिलांना काय भरवीत असे, तिच्या निळाईंत हिरव्याची छटा किती होती, हें कोणतेंही हाड सांगत नाहीं.

मग एक जगली आणि दुसरी गेली, असें कां? याचें उत्तर स्वभावांत शोधूं नये, तें भूगोलांत सांपडतें. उत्तर बेट अधिक उबदार. हिमयुग संपल्यावर तेथें अरण्य दाट वाढलें आणि गवताळ माळ संकोचले. शिवाय उबदार म्हणून माओरी वस्तीही तेथेंच अधिक झाली. भर त्यांच्या जुन्या चुलींपाशीं टाकलेल्या हाडांतही मोहोचीं हाडें मिळतात. दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत मात्र फिओर्डलंडचा डोंगरी प्रदेश आहे. उभे कडे, खोल खाड्या, अतिशय पाऊस, आणि हिंवाळ्यांत बर्फ. तेथें कोणी राहावयास जात नाहीं. ताकाहे तेथें उरली.

येथें एक मोठा भ्रम झाला. ताकाहे उंच बर्फाळ डोंगरांत सांपडली, म्हणून ती बर्फाळ डोंगरांचीच रहिवासी, असें पुष्कळ वर्षें मानलें गेलें. पण दक्षिण बेटाच्या सखल भागांतही तिचीं हाडें ठिकठिकाणीं मिळालेलीं आहेत. म्हणजे एके काळीं ती मैदानांत, नदीकांठीं नांदत होती. शिकारीनें व नव्या शत्रूंनीं ती तेथून नाहींशी झाली, आणि जेथपर्यंत शत्रु पोंचला नाहीं तेवढ्याच कोनाड्यांत तिचा एक धागा शिल्लक राहिला. दुष्काळांत डोंगरांतल्या गुहेंत आसरा घेतलेल्या कुटुंबास गुहेंतच राहण्याची आवड आहे असें म्हणणें जसें चुकीचें, तसेंच हें. शेवटचा जीव जेथें सांपडतो तें त्याचें घर असेलच असें नाहीं. तो त्याचा आसरा असतो.

त्या आसऱ्यांत ताकाहेनें संसार कसा चालविला, हें पाहण्यासारखें आहे. उंच गवताच्या झुबक्यांतून ती एक काडी चोंचीनें तोडते, एका पायाच्या मुठींत धरते, आणि बुडाजवळचा कोंवळा, गोडसर भाग तेवढा खाऊन उरलेली टाकून देते. आपण ऊंस खातांना शेंडा टाकतों तशी. हिंवाळ्यांत बर्फानें गवत झांकलें म्हणजे ती खालच्या रानांत उतरते आणि नेच्यांचे पिठूळ कंद उकरून त्यांवर दिवस काढते. जोडपें पुष्कळदां जन्मभर टिकतें. अंडीं बहुधा दोन; नर-मादी पाळीपाळीनें तीं सुमारें तीस दिवस उबवितात. आमच्या वाचकांस विशेष गोड वाटेल अशी गोष्ट म्हणजे, आदल्या सालचें मोठें झालेलें पिलूं पुष्कळदां लगेच वेगळें निघत नाहीं. तें आईबापांजवळ राहून धाकट्या भावंडांस भरवितें व सांभाळितें. बर्फाच्या मुलुखांत एकत्र कुटुंबाची उपयुक्तता त्या पक्ष्यांसही पटली आहे असें म्हणावें लागतें!

परंतु आसरा कायमचा सुरक्षित राहिला नाहीं. एकोणिसाव्या शतकांत गोऱ्या वसाहतवाल्यांनीं शिकारीच्या हौसेसाठीं तांबडीं हरणें आणलीं. सशांचा उपद्रव झाला म्हणून सशांस मारण्यासाठीं १८८० नंतरच्या काळांत स्टोट हा मुंगसाच्या चालीचा हिंस्र प्राणी आणला. सशांपेक्षां पक्षी धरणें स्टोटास सोपें वाटलें. हरणांनीं ताकाहेचें गवत खाल्लें, स्टोटांनीं तिचीं पिलें खाल्लीं. १९८१-८२ च्या सुमारास ताकाहेची संख्या अवघी ११८ वर आली. केवळ मुलूख बंद करून भागत नाहीं, हें तेव्हां उघड झालें. अंगणाला कुंपण घातलें, पण विंचू आंतच राहिला, तर त्या कुंपणाचा उपयोग काय?

मग मनुष्यानें कंबर कसली. तसे प्रयत्न पूर्वींच सुरू झाले होते. १९५८ च्या सुमारास उत्तर बेटावरील एका शेतकऱ्यानें लहान जातीच्या घरगुती कोंबड्यांना पेटींत बसून, पेटी हालत असतांही, अंडीं उबविण्याची संवय लाविली. त्या कोंबड्या डोंगरांतून नेल्या-आणल्या, आणि त्यांच्या पंखांखालीं ताकाहेचीं पिलें त्याच्या शेतावर वाढलीं. हरणें मारून कमी करण्यांत आलीं. १९८५ सालीं बरवुड येथें संगोपनाचें केंद्र निघालें. तेथें प्रथम पिलांना माणसाचा लळा लागूं नये म्हणून ताकाहेच्या डोक्यासारखी कळसूत्री बाहुली हातांत घालून तिच्या चोंचीनें घांस भरवीत असत. पुढें हा प्रकार बंद करून पिलें ताकाहेच्या जोडप्यांच्याच स्वाधीन करण्यांत आलीं. दाईपेक्षां आईबाप बरे, हा जुनाच अनुभव तेथेंही आला. मर्चिसन पर्वतांत स्टोटांसाठीं सांपळे लावले. तरीही २००७ सालीं स्टोटांची संख्या एकाएकीं वाढली, आणि तेथील ताकाहे जवळजवळ निम्म्यानें कमी झाल्या. एवढ्या एका हंगामांत कित्येक वर्षांचें श्रम वाहून गेले.

दुसरा उपाय म्हणजे शत्रु नसलेल्या लहान बेटांवर कांहीं जोडपीं नेऊन सोडणें. मॉड, माना, कापिती, तिरितिरी मातांगी अशीं तीं बेटें. नकाशा उघडून पाहिल्यास दिसेल कीं यांतील बरींच बेटें उत्तर बेटाच्या किनाऱ्यालगत आहेत. म्हणजे जेथें पूर्वीं मोहोचा वावर होता, त्या मुलखांत आतां ताकाहे चरत आहे. तिला तें मानवलेंही. सखल, उबदार जागेंत ती बर्फाशिवाय सुखानें राहते. गुहा हें तिचें घर नव्हतें, याची साक्ष तिनें स्वतःच दिली. पण यावरून मोहोची जागा भरून निघाली असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. गेलेल्या बहिणीच्या पाटावर दुसरी बसली म्हणजे पंक्ति भरते, गेलेली परत येत नाहीं. ताकाहेला ताकाहे म्हणूनच तेथें राहूं द्यावें, आणि पाट कोणाचा होता हेंही विसरूं नये.

ओळख नीट नसली तर काय होतें, याचा आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. न्यूझीलंडांत या गोतांतली तिसरी एक पाणकोंबडी आहे, पुकेको. ती ऑस्ट्रेलियाकडून फार अलीकडे उडत आली, अद्याप उडते, आणि दिसावयास आपल्या जांभळ्या पाणकोंबडीसारखीच. ती पुष्कळ आहे, आणि ताकाहेच्या राखीव बेटांवर कधीं कधीं तिची गर्दी होते. ऑगस्ट २०१५ मध्यें ऑकलंडजवळच्या मोतुतापू बेटावर पुकेकोंची संख्या कमी करण्यासाठीं अनुभवी शिकारी नेमले होते. उडत्या पक्ष्यावरच गोळी झाडावी, अशी ताकीद त्यांना होती. तरीही चार ताकाहे गोळीस बळी पडल्या. त्या काळीं जगांत सगळ्या मिळून सुमारें तीनशें ताकाहे होत्या. निळा रंग, लाल चोंच, लाल पाय एवढें पाहिलें, आणि पंखांकडे व अंगलटीकडे पाहिलें नाहीं. एका बहिणीस दुसरीच्या नांवानें ओळखल्यामुळें मोहोचा मृत्यु झांकला गेला. एकीस दुसरी समजल्यामुळें या चौघींचा मृत्यु घडला. नांव आणि ओळख या गोष्टी पोथींतल्या पोथींत राहत नाहींत, त्यांचा संबंध जीवाशीं पोंचतो.

असें असलें तरी एकंदर हिशोब आशेचा आहे. २०१८ सालीं दक्षिण बेटाच्या वायव्येस काहुरांगी येथें, आणि ऑगस्ट २०२३ मध्यें वाकातिपू सरोवराच्या वरच्या खोऱ्यांत, ताकाहे मोकळ्या रानांत सोडण्यांत आल्या. हें दुसरें खोरें नगाई ताहू या माओरी जमातीच्या मालकीच्या भूमींतलें. ज्या लोकांच्या पूर्वजांनीं या पक्ष्यास नांव दिलें, त्यांच्याच अंगणांत तो पक्षी अनेक पिढ्यांनंतर परत आला, आणि त्याच्या स्वागतास जमातीचीं वडीलधारीं माणसें व लहान मुलें जमलीं होतीं. २०२३ च्या सुमारास ताकाहेची एकंदर संख्या पांचशेंच्या घरांत पोंचली होती. आपल्याकडील एखाद्या लहानशा खेड्याची वस्तीही यापेक्षां मोठी असते. परंतु ११८ वरून पांचशें, हें अंतर चाळीस वर्षांच्या नित्याच्या, न कंटाळतां केलेल्या कामानें कापलें गेलें आहे. सांपळे तपासणें, अंडीं मोजणें, पिलांच्या पायांत कडीं घालणें, यांत कांहीं चमत्कार नाहीं. रोज सांजवात लावण्याइतकेंच तें साधें व नेमाचें काम आहे, आणि एक दिवस चुकलें तर चालत नाहीं.

मोहोच्या वेळीं अशी माणसें नव्हतीं असें नाहीं. त्यांना वेळ मिळाला नाहीं, कारण मोहो आहे कीं नाहीं हेंच कोणास ठाऊक नव्हतें. प्रीति करावयास आधीं ओळख असावी लागते. म्हणून आमच्या बालवाचकांस एवढीच सूचना करावीशी वाटते कीं, सुटींत तळ्याकांठीं गेलांत तर 'एक निळा पक्षी पाहिला' एवढ्यावर थांबूं नये. चोंच कशी, कपाळावर काय, पाय कोणत्या रंगाचे, उडाला तर कसा उडाला, हें वहींत टिपून ठेवावें, आणि घरीं येऊन वडील मंडळींस त्याचें नांव विचारावें. वडील मंडळींस नांव ठाऊक नसल्यास दोघांनीं मिळून शोधावें. त्यांत एखादी सायंकाळ खर्च झाली तर ती सत्कारणीं लागली असें समजावें.